पाणी कोणी घातलं

ताई बसमधून उतरली तेव्हा तिच्या पर्समध्ये परतीची दोन तिकिटं होती. एक तिचं, एक धाकट्या बहिणीचं. चार दिवस राहायचं, त्या माणसाचं सोंग उघडं पाडायचं आणि बहिणीला घेऊन घरी परतायचं, इतका साधा बेत. धाकटीला तिकिटाचं सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिने नाहीच म्हटलं असतं, आणि वर रडली असती.

रडण्यावरूनच तर सगळं सुरू झालं होतं. गेलं वर्षभर धाकटीचा फोन म्हणजे जडावलेला आवाज, अर्धवट वाक्यं, मध्येच हुंदका आणि मग फोन बंद. एकदा नडगी काळीनिळी झाली म्हणाली. कशाने, तर म्हणे जिन्यावरून पडले. ताई काय आज जन्मली होती? बाई जिन्यावरून पडली म्हणजे तिला कोणीतरी पाडलं, हे कळायला पुस्तकं वाचावी लागत नाहीत. आई गेल्यावर हिच्या वेण्या घालून, डबे भरून हिला मोठी केली ती ताईने. आणि पोरीने शेहेचाळिसाव्या वर्षी लग्न करावं कोणाशी, तर जहाजावर दारू ओतणाऱ्याशी.

त्याला सगळं गाव कप्तान म्हणायचं. वीस वर्षं प्रवासी जहाजांच्या बारमध्ये पेले भरले, आणि नाव काय तर कप्तान. तो थांब्यावर आला होता. उंच, वाकलेला, पांढऱ्या मिशीचा.

"द्या ताई, बॅग मी घेतो."

"असू दे. मला सवय आहे."

तो हसला आणि पुढे चालू लागला. गाव म्हणजे एक लांबलचक उतार होता. वर बसथांबा, खाली समुद्र, मध्ये दोन्ही बाजूंना बुटकी घरं, आणि खाऱ्या वाऱ्याने प्रत्येक दाराची कडी गंजलेली. उताराच्या मध्यावर दारूचं दुकान होतं. त्याच्यासमोरून जाताना कप्तानाने मान वळवून दुसरीकडे पाहिलं. ताईने ते बरोबर टिपलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

टिपणं हे तिचं कामच होतं. एकतीस वर्षं ती दूध डेअरीत तपासनीस होती. पहाटे कॅन यायचे, ती प्रत्येक कॅनमधलं चमचाभर दूध काढून यंत्रात गोठवून बघायची. निर्भेळ दूध ठरलेल्या थंडीला गोठतं. पाणी घातलं की जरा आधी गोठतं, आणि यंत्र चुगली करतं. मग गवळी हात जोडायचा, शपथा घ्यायचा, गाईलाच दोष द्यायचा. ताई कॅन परत पाठवायची. या नोकरीत ती एक गोष्ट शिकली होती. जिथे पाणी आत गेलं तिथून काहीतरी बाहेर गेलेलं असतं, आणि ज्याने पाणी घातलं तोच चोर. यात तिची एकदाही चूक झाली नव्हती, आणि हे ती कोणी न विचारताही सांगायची.

धाकटी दारातच उभी होती. वाळली होती, पण डोळे स्वच्छ होते. तिने ताईला मिठी मारली आणि बराच वेळ सोडली नाही. आतल्या खोलीत शिलाई मशीन उघडं होतं, खाली दोऱ्यांचे तुकडे पडले होते. मागे फोनवर हीच म्हणाली होती की वर्ष झालं, मशीनवरचं कापड काढलं नाही.

"परत शिवायला लागलीस?"

"आठवडा झाला असेल. हात बसतोय आता."

म्हणजे घरी बसून हा खाणार आणि ही शिवणार, असं ताईने मनाशी ठरवून टाकलं.

संध्याकाळी साडेसहाला कप्तान कामाला लागला. रोजचाच नेम होता म्हणे, उन्हाळाभर. स्वयंपाकघरात त्याने कलिंगडाच्या फोडी कुस्करल्या, काकडीच्या चकत्या केल्या, आलं ठेचलं, मिरी जाडसर कुटली. पुदिन्याची पानं तळहातावर ठेवून एक टाळी वाजवली. बर्फ फडक्यात गुंडाळून लाटण्याने फोडला. हात असा चालत होता की बघत राहावं, आणि ताई बघतच होती. मग त्याने गळ्यातल्या दोरीची किल्ली काढून वरचं कपाट उघडलं, जिनची बाटली काढली, आणि ओतताना नेमकी पाठ केली.

पाठ का केली? स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोसाठी ओतताना माणूस पाठ का करतो? आणि दारूला कुलूप कशाला, घरात कोण चोर आहे?

ताईला त्याने वेगळा पेला दिला. "तुमच्यात ती नाही. नुसतं फळ आणि सोडा." स्वतःसाठी घेतला नुसता सोडा. साधूच की नाही. आतल्या आत लावून आला असणार, दुसरं काय.

व्हरांड्यात चार वेगवेगळ्या जातीच्या खुर्च्या होत्या. धाकटीने पेला दोन्ही हातांनी धरला, पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. "आज कडक झालीय," ती म्हणाली. कप्तान तिच्याकडे बघत होता. घोटागणिक बघत होता, उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तसा. ताईला ते मुळीच आवडलं नाही. तसं धाकटीने असा पेला हातात घेतलेलंही तिला आवडलं नव्हतं, पण ते खापरही तिने त्याच्याच डोक्यावर फोडलं. चांगल्या घरातल्या मुलीला यानेच सवय लावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, भाजी निवडताना, तिने विषय काढला.

"तो हात उगारतो का तुझ्यावर?"

धाकटीच्या हातातली शेंग तशीच राहिली. "कोण? हा? वेडी आहेस का ताई?"

"मग ती नडगी?"

"पडले होते म्हटलं ना." मग ती हळूच म्हणाली, "त्याच्याबद्दल काही बोलू नकोस. तुला काही माहीत नाही."

तेच तर ताईला माहीत करून घ्यायचं होतं. त्या संध्याकाळी संधी आपणहून चालून आली. कप्तानाने कपाट उघडलं, आणि शेजाऱ्याने फाटकातून हाक मारली, त्याची गाडी ढकलायची होती. कप्तान किल्ली कपाटालाच ठेवून धावला. धाकटी आंघोळीला गेली होती. ताईने डोळ्यांच्या औषधाची रिकामी कुपी धुऊन ठेवलेलीच होती. बाटलीतली दारू तिने कुपीत भरली, झाकण लावलं आणि फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीमागे दडवली. बाटलीच्या तोंडाशी वास होता, पण पुसटसा. खरं सांगायचं तर तिला मजा येत होती. निवृत्त झाल्यापासून असं जिवंत वाटलं नव्हतं.

जिन घरच्या फ्रीजरमध्ये गोठत नाही. हे तिला पुरतं ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तिने कुपी काढली. आत गच्च बर्फ होता. उलटी केली, हलवली, काही हललं नाही. कुपी तिने परत मटारमागे ठेवून दिली. पाणीमिश्रितसुद्धा नव्हतं ते, ते निव्वळ पाणीच होतं. कॅनमध्ये असं कधी सापडलं असतं तर तिने गवळ्याला फाटकाबाहेर काढलं असतं.

संध्याकाळी पेले आले, बर्फ आला. धाकटीने पेला उचलायच्या आत ताईने कुपी टेबलावर ठेवली. बर्फ अजून अर्धाच वितळला होता.

"ही तुमच्या बाटलीतली दारू," ती म्हणाली. "दारू गोठत नाही, कप्तान. ही दगडासारखी गोठली. बाटलीत थेंबभरसुद्धा दारू नाही, सगळं पाणी आहे. आत बसून सगळी ढोसायची, वर पाणी भरून ठेवायचं आणि बायकोला मिरीचं पाणी पाजायचं. कुलूप कशाला ते आता कळलं." मग बहिणीकडे वळून म्हणाली, "तुझं उद्याचं तिकीट काढलंय मी. कपडे भर."

कप्तान खुर्चीत मागे टेकला. रागावला नाही, नाकारलं नाही. एकतीस वर्षांत ताईसमोर असा चोर बसला नव्हता. चोर शपथा घेतात. हा नुसता डोळे मिटून बसला होता.

"ताई," तो म्हणाला, "अजून एक महिना थांबला असतात तर फार बरं झालं असतं हो."

धाकटी पेल्याकडे बघत होती. "किती दिवस?" तिने नवऱ्याला विचारलं.

"हळूहळू चार महिने. दर आठवड्याला चमचाभर दारू कमी, चमचाभर पाणी जास्त."

"आणि आता?"

"गेले अकरा दिवस काही नाही. वासापुरतं जिनचं बोट फिरवतो पेल्याच्या काठावर. घशात जाळतं ते आलं आणि मिरी."

ताईला आधी कळलंच नाही. मग कळू लागलं, एकेक करून, आणि कळू नये असं वाटू लागलं. जडावलेला आवाज रडण्याने जडावला नव्हता. जिन्यावरून धाकटी खरंच पडली होती, पिऊन पडली होती. वर्षभर मशीन बंद होतं कारण हात थरथरायचे. कुलूप तिच्यासाठी होतं. पाणी घालणाऱ्याने काही चोरलं नव्हतं. तो मोठ्या कष्टाने बायकोला परत आणत होता, तिला कळू न देता, आणि ताईने ते टेबलावर आणून ठेवलं होतं.

"मला का नाही सांगितलंत?" तिचा आवाज तिलाच ओळखू येईना.

"हिने शपथ घातली होती. ताईला कळलं तर मी जीव देईन म्हणाली."

धाकटी उठली. पायात चपला घातल्या, खुंटीवरची पिशवी घेतली. "दुकान उघडं असेल," ती म्हणाली आणि फाटकाबाहेर पडली. कप्तान उठला नाही. ताई उठली, दोन पायऱ्या उतरली आणि तिथेच उभी राहिली. हाक मारायला तोंड उघडलं, पण कोणत्या तोंडाने मारणार? आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःची लाज वाटली, खरीखुरी.

"माझं चुकलं," ती म्हणाली.

"पाणी होतंच की," कप्तान म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

पंधरा मिनिटांनी धाकटी आली. पिशवीतून नवी बाटली काढून तिने टेबलावर ठेवली. सील तसंच होतं. चढून-उतरून तिला धाप लागली होती.

"ते अकरा दिवस तू काढलेस," ती नवऱ्याला म्हणाली. "मी नाही काढले. मी रोज प्यायलेच होते, माझ्या मते. मला माझा एक दिवस काढून बघायचाय. आज."

"मी बसतो सोबत," कप्तान म्हणाला.

"नको. तू बसलास की माझ्या हातांकडे बघतोस. आणि ही," तिने ताईकडे हनुवटी केली, "ही तर बर्फ करून बघेल. तुम्ही दोघं जा फिरून या. किनाऱ्याच्या टोकापर्यंत जायचं आणि मगच परतायचं. फाटकाशी उभं राहून डोकवायचं नाही."

दोघं निघाली. उतार उतरून वाळूवर आली. समुद्रावर अजून उजेड होता, ओल्या वाळूत कोणाची तरी कुत्री हुंदडत होती. ताईचे पाय पुढे पडत होते आणि मन मागे खेचत होतं. शंभर पावलांवर ती थांबली.

"आपण जाऊन बघू या का? नुसतं फाटकातून."

"मलाही तेच वाटतंय," कप्तान म्हणाला. "चला, चालत राहू."

टोकाला खडक होते. तिथे पोचल्यावर त्याने एका खडकाला हात लावला, शिवाशिवीच्या खेळात लावतात तसा, आणि मग ती दोघं परतली. वाटेत त्याने सांगितलं, पहिल्या आठवड्यात चमचाभर कमी केली तेव्हा हिने पेला फेकून मारला होता. तेव्हापासून तो मिरी घालायला लागला. ताईने ऐकून घेतलं. चढावर त्याला दम लागला तेव्हा ती त्याच्यासाठी थांबली.

फाटक ढकलताच आतून धाकटीचा आवाज आला. "चपला बाहेर काढा रे, फरशी पुसलीय मी."

आवाज नेहमीचा होता की जडावलेला, ते एवढ्या शब्दांत ओळखणं ताईला अवघड नव्हतं. तिने ओळखायचं नाही असं ठरवलं. व्हरांड्यात दिवा लागला होता, टेबल ओलं होतं, बाटली तिथेच होती. सील दिसेल इतक्या जवळून ती गेली आणि बाटलीकडे पाठ करून खुर्चीवर बसली.

"काय, कुठवर जाऊन आलात?" धाकटीने विचारलं.

"टोकापर्यंत," ताई म्हणाली.