निळं दार आणि आईची कात्री

डोकं तापलं की मी झकास लिहिते, असा माझा समज आहे. त्या दुपारी ते चांगलंच तापलं होतं.

व्हिडिओ गेम खेळायचे आणि कसे आहेत ते लिहायचं, हा माझा अठरा वर्षांचा धंदा. एकट्यादुकट्या माणसाने घरी बसून बनवलेले कोड्यांचे गेम असले, की मी जेवणखाण विसरते. हा गेम एका शाळेतल्या ग्रंथपालबाईंनी चार वर्षं सुट्ट्या मोडून केला होता. एक रिकामं घर, त्यात दहा खोल्या आणि जिन्याच्या टोकाला निळं दार. दहाही खोल्या मी अधाशासारख्या संपवल्या. काय एकेक कोडं होतं! आणि निळं दार मात्र तीन दिवस ढिम्म हलेना.

माझ्या गेममधल्या पिशवीत चाळीस वस्तू होत्या. किल्ल्या, चमचे, पत्रं, चष्मे, सगळं दाराला लावून झालं. बाईंनी उत्तरांची फाइल सोबत पाठवली होती, पण ती उघडणं म्हणजे आमच्या धंद्यात नाक कापून घेणं. शेवटी मी ठरवलं की दारच बिघडलंय. तसं लिहिलं, पाचपैकी दोन तारे दिले आणि संपादकांना पाठवून मोकळी झाले. त्यांना आम्ही सगळे घड्याळ म्हणतो, कारण पाच म्हणजे पाचला ते लेख साइटवर चढवतात. या गेमवर लिहिणारी मी एकटीच होते. गेम बिघडलाय असं मीच म्हटलं, की बाईंची चार वर्षं पाण्यात जाणार होती, आणि ते मला पक्कं ठाऊक होतं.

चार वाजता आई कात्री शोधत खोलीत आली. कात्री माझ्या टेबलावर होती. शेजारी तिची मोजपट्टी, दोन चमचे आणि तिचा जुना चष्मासुद्धा होता.

"घेताना बरा चालतो गं तुझा हात," ती म्हणाली. "परत ठेवताना काय होतं त्याला?"

भांडायला तोंड उघडलं आणि नजर पडद्यावरच्या पिशवीवर गेली. चाळीस वस्तू उचलल्या होत्या मी, आणि एकही परत ठेवली नव्हती! दिसेल ते उचलायचं, पुढे कुठेतरी लागेल, हीच अठरा वर्षांची सवय. जिथलं तिथे ठेवायचं कुणाच्या डोक्यात येणार? ग्रंथपालबाईंच्याच की!

मी आईला हाताला धरून शेजारी बसवलं. अगदी पहिल्या खोलीपासून माझ्यामागे कपड्यांच्या घड्या घालताना तिने सगळं पाहिलं होतं. चमचा बरणीत, चष्मा उशीखाली, पत्र आरशामागे, ती सांगत गेली आणि मी ठेवत गेले. एकेका खोलीत दिवा लागायला लागला. पाचला दहा मिनिटं असताना एक बटण उरलं, आणि ते कुठलं हे दोघींनाही आठवेना.

"खुंटीवरच्या कोटाला एक कमी होतं बघ," आई एकदम म्हणाली.

बटण लागलं आणि निळं दार उघडलं. आत खिडकीशी एक म्हातारी बसली होती. तिने आमच्याकडे पाहिलं आणि शेजारची खुर्ची पुढे सरकवली, एवढंच. मला रडूच फुटलं.

मी घड्याळाला फोन लावला.

"थांबवा! दार ठणठणीत आहे, मीच बिघडले होते."

उत्तर काय, असं त्यांनी विचारलं. ते सांगायचं नसतं, असं मी म्हटलं. त्यांनी सहा मिनिटं दिली. मी धडाधड लिहिलं, पाच तारे दिले आणि शेवटी घातलं की अडलात तर घरातल्या माणसाला शेजारी बसवा. पाचला लेख चढला.

आई अजून शेजारीच बसली होती. मी उठले, कात्री उचलली आणि स्वयंपाकघरातल्या तिच्या खणात नेऊन ठेवली. दिवा काही लागला नाही, पण मागून येऊन आईने खण उघडून पाहिला आणि हसत हसत बंद केला.