दादाचं मशीन

"प्रोसेसरला पाण्याचा कूलर नको," दादा म्हणाला. "पाणी आलं की पंप आला. आणि पंप आज ना उद्या बसतोच. मी पंपांचीच ड्रॉइंगं केलीत, मला नको सांगूस."

"मी कुठं काय सांगतेय? हवेचा घे मग," ठमी म्हणाली.

"हवेचाच. पण हवेचा म्हटला की तो उंच लागतो. उंच घेतला की कॅबिनेटचं झाकण बसत नाही. रुंद कॅबिनेट घ्यावं तर ते टेबलावर मावत नाही."

"मग टेबल बदलू या."

दादानं तिच्याकडे असं पाहिलं, जसं लहान मुलानं चंद्र मागितल्यावर मोठी माणसं पाहतात. मग तो पुन्हा जेवू लागला. ठमीनं त्याच्या ताटात आमटी वाढली. जेवताना कॉम्प्युटरच्या मशीनचा विषय निघाला की त्याला वाढलेलं कळत नसे आणि संपलेलंही कळत नसे.

ठमी आता चाळिशी ओलांडलेली बाई होती. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. दुकानात तिला सगळे मॅडम म्हणत. ठमी म्हणणारी दोनच माणसं उरली होती, दादा आणि मावशी.

दादा, तिचा मोठा भाऊ, पूर्वी पंप बनवणाऱ्या कारखान्यात ड्रॉइंग करायचा. कॉम्प्युटरवर पंपाचा एकेक भाग उभा करायचा, फिरवून दाखवायचा, चिरून आतलं दाखवायचा. कारखाना बंद पडला तेव्हा त्याच्या डोक्यावरचे केस काळे होते. पहिली दोन-तीन वर्षं तो नोकरीसाठी हिंडला. मग एक दिवस म्हणाला, "दुसऱ्याच्या दारात कशाला जायचं? स्वतःचं मशीन जुळवतो आणि घरून कामं घेतो." आई तेव्हा होती. तिनं देवापुढे साखर ठेवली.

त्यानंतर आई गेली, पण मशीन काही आलं नाही. प्रोसेसर नक्की केला की नवा निघायचा. नव्याला जुना बोर्ड चालत नसे. नवा बोर्ड धरला की त्याला रॅम वेगळी. रॅम जमली तर ती नेमकी कूलरच्या पंख्याखाली यायची आणि पंखा वर सरकवावा लागायचा. पंखा वर सरकला की झाकण अडायचं. मावशी म्हणायची, "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं." मग ठमीकडे पाहून जीभ चावायची.

दादा रिकामा बसलेला असे असं मात्र कुणी म्हणू नये. सकाळी ऑफिसला निघाल्यासारखा दाढी-अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालायचा. पाणी भरायचा, कुकर लावायचा, ठमीचे कपडे वाळत घालायचा. मग फोन घेऊन खिडकीत बसायचा आणि दिवसभर वाचायचा. कुठला बोर्ड कुठल्या प्रोसेसरला चालतो, कुठल्या कूलरची उंची किती, हे त्याला पाढ्यांसारखं पाठ होतं. इमारतीतल्या तीन घरांत त्याच्या सल्ल्यानं घेतलेली मशीनं मजेत चालू होती. लोक विचारायला यायचे, घेऊन मोकळे व्हायचे. दादा मात्र म्हणायचा, "थोडं थांबलं तर पुढच्या वर्षी याहून चांगलं येतंय."

असं थांबण्यात ठमीचंही बरंच काही थांबलं होतं.

दुकानात फ्रेमा घेऊन एक विक्रेता यायचा. सगळे त्याला फ्रेमवालाच म्हणत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेला, हळू बोलणारा माणूस. पेटी उघडून फ्रेमा मांडताना तो सगळ्यात आधी ठमीला दाखवायचा, मालकाला नंतर. एकदा त्यानं तिला सरळ लग्नाचं विचारलं होतं. ती म्हणाली होती, "दादाचं मार्गी लागू दे." तो बरं म्हणाला होता, आणि पुन्हा विषय काढला नव्हता.

त्या आठवड्यात तो आला आणि पेटी न उघडताच म्हणाला, "कंपनीनं मला लांबचा भाग दिलाय. महिन्याच्या शेवटी जाईन."

ठमीनं हातातली काच खाली ठेवली.

"तुमच्या दादांचं कुठवर आलं?" त्यानं विचारलं.

"कूलरपाशी अडलंय."

तो हसला नाही. "एवढंच असेल तर होऊन जाईल," म्हणाला. "मी शेवटची फेरी मारीन तेव्हा सांगा."

ठमी दुसऱ्याच दिवशी अर्धी रजा टाकून कॉम्प्युटरच्या दुकानात गेली. तिला काही लिहून न्यावं लागलं नाही. इतकी वर्षं जेवताना ऐकलेलं, ते तिनं घडाघडा सांगितलं. प्रोसेसर, बोर्ड, बुटकी रॅम, कार्ड, पॉवर सप्लाय, कॅबिनेट. दुकानदार ऐकत राहिला.

"कुणी निवडलंय हो हे? एकाला एक बरोबर जुळतंय."

"माझ्या भावानं."

"फक्त हा कूलर नाहीये सध्या. हा घ्या, त्याच कंपनीचा, त्याचा मोठा भाऊ समजा. याच्यापुढे प्रोसेसर काय तापणार!"

"उंची तेवढीच आहे ना?"

"तेवढीच असेल हो. असून असून किती फरक असणार?"

ठमीचं सारं आयुष्य काच आणि फ्रेम यांच्यातल्या केसाएवढ्या फटीत गेलं होतं. तिनं मोजायला पट्टी मागायला हवी होती. पण तिला ते सगळं त्याच दिवशी घरी न्यायचं होतं. ती म्हणाली, "द्या."

खोकी पाहून दादा जागचा उठलाच नाही. ठमीनं एकेक टेबलावर मांडलं. शेवटी त्यानं साबणानं हात धुतले, कोरडे केले, आणि कूलरचं खोकं सर्वांत आधी उघडलं. स्टीलची पट्टी काढून मापला. कॅबिनेट आतून मापलं. पुन्हा कूलर मापला.

"पाच मिलिमीटर वर येतोय," तो म्हणाला. "झाकण बसणार नाही."

आणि ठमीनं त्याचा चेहरा पाहिला. पेपर कठीण गेलेल्या मुलाला परीक्षा रद्द झाल्याचं कळावं, तसा तो सुटला होता.

"तू चुकलीस असं नाही ग," तो समजुतीनं म्हणाला. "दुकानदार असेच असतात. सगळं परत करून टाक. तसाही या बोर्डाचा पुढचा येतोच आहे. थोडं थांबू."

"फक्त कूलर बदलून आणते."

"कशाला एवढी धावपळ? आग लागलीय का कुठं?"

"दादा, मी आत्ता जाते आणि बदलून आणते." तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "तुला जो हवाय तोच. मापून."

पहिल्या दुकानात नव्हता. दुसऱ्यानं गोदामातून मागवून दिला. ठमीनं स्वतःची पट्टी लावून मापला. पाय दुखेपर्यंत हिंडून ती घरी आली, तेव्हा दादा टेबलाशी तसाच बसलेला होता. त्यानं तिच्या हातातलं खोकं घेतलं आणि म्हणाला, "हाच." मग तरी पट्टी लावून पुन्हा एकदा मापला.

रविवारी त्यानं मशीन जुळवलं. ठमीनं त्याला इतकं देखणं काम करताना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. प्रोसेसर बोटांच्या टोकांनी धरून अलगद बसवला, कुठं दाबलं नाही. त्यावर उष्णता वाहून नेणारी वाटाण्याएवढी पेस्ट. कूलरचे स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळत गेला, एकदम एकही नाही. वायरी बोर्डाच्या मागून अशा फिरवल्या की समोरून एकही दिसेना. झाकण लावलं. ते टक् करून बसलं. बटण दाबलं आणि पडदा उजळला.

मावशी संध्याकाळी मुद्दाम आली. मशीनला हात जोडून म्हणाली, "झालं बाई एकदाचं. आता आमच्या ठमीचंही बघू दे कुणीतरी." ठमी स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. तिला हसू येत होतं, आणि ते कुणी पाहू नये असं वाटत होतं.

दादानं ड्रॉइंगचा प्रोग्राम घातला. जुन्या साहेबांना फोन केला. ते आता दुसऱ्या कारखान्यात होते. "अरे, आहेस कुठं तू!" असं म्हणून त्यांनी चौकशी केली आणि शेवटी पंपाच्या एका झाकणाचं ड्रॉइंग करायला दिलं. "सोपं आहे. तुझा हात बसलेलाच आहे. जमलं की पाठव, मग बघू."

दादा कामाला बसला. ठमी दुकानात निघायची तेव्हा बसलेला असे, परत यायची तेव्हाही बसलेला असे. पहिल्यांदा तिला बरं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की पडद्यावर रोज तेच एक वर्तुळ असतं.

"कुठं अडलंय?" तिनं एकदा विचारलं.

"अडलं नाही. सगळी बटणं हलवून ठेवलीत यांनी. जुन्यात कसं होतं, हात आपोआप जायचा." त्यानं माउसवरचा हात उचलून पाहिला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. "डोळ्यांपुढे मला तो भाग पूर्ण दिसतो ग. भोकं कुठं आहेत, जाडी किती आहे, सगळं. इथं येतच नाही."

"येईल. सवय होईल."

"हो, सवय होईल."

मग एका संध्याकाळी ती आली तेव्हा तो सकाळच्याच बनियनवर होता. दाढीही केलेली नव्हती. कुकर लावलेला नव्हता.

"साहेबांचा फोन आला होता," तो म्हणाला. "राहू दे म्हणाले. त्यांच्याकडे एक मुलगी आहे, तिनं जेवायच्या सुट्टीआधी करून टाकलं. चांगले बोलले पण. तब्येत सांभाळ म्हणाले."

ठमीनं पर्स खुंटीला अडकवली. "दुसरं काम मिळेल," ती म्हणाली.

"कशासाठी?"

इतकी वर्षं लोक विचारायचे, दादा काय करतो, आणि ती सांगायची, मशीन जुळवतोय. आता ते जुळलं होतं. उद्या कुणी विचारलं तर काय सांगायचं, हे तिला कळेना. कुकर लावताना तिच्या मनात आलं, कूलर बदलून आणायला ती धावली नसती तर दादा आज खिडकीत इस्त्रीच्या शर्टात बसला असता.

फ्रेमवाला शेवटच्या फेरीला आला. त्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं. पेटी उघडून फ्रेमा मांडू लागला.

"मशीन झालं," ठमीनंच सांगितलं.

"बरं झालं."

"दादाला आता एकटं सोडता येणार नाही."

तो थोडा वेळ फ्रेमच्या काड्या उघडत-मिटत राहिला. मग म्हणाला, "या हलक्या आहेत. म्हाताऱ्या माणसांच्या नाकाला रुतत नाहीत. किती ठेवू?"

"ठेवा दहा-बारा," ठमी म्हणाली. तिनं त्या मोजून घेतल्या आणि काचेच्या कपाटात सरळ रांगेत लावल्या. रांग पूर्ण होईपर्यंत तिनं मागं वळून पाहिलं नाही.

ती घरी आली तेव्हा दादा मशीनपुढे बसला होता. पडद्यावर ड्रॉइंग नव्हतं. एका छोट्या चौकटीत एक आकडा होता.

"ये ये, ठमे, हे बघ. प्रोसेसरचं तापमान. एकतीस."

"चांगलं का?"

"चांगलं? सकाळपासून चालू आहे, एकतिसाच्या वर जात नाही. लोक पाण्याचे कूलर लावतात, त्यांचंही एवढं येत नाही. आवाज ऐक. येतो का?"

ठमीनं कान लावला. आवाज येत नव्हता. तिनं झाकणावर तळवा ठेवला. पत्रा गार होता.

"काम पडलं की तापेल," दादा म्हणाला.

"हो."

तिनं स्टूल ओढलं आणि त्याच्या शेजारी बसली. बाहेर अंधारून येत होतं, पण दिवा लावायला कुणी उठलं नाही. दोघं आकड्याकडे पाहत राहिले. मध्येच तो बत्तीस झाला.

"झाला बघ," दादा पुढे सरकून म्हणाला.

मग तो पुन्हा एकतीस झाला.