वादळाची स्कूटर

मित्रांनो, मी एक जुनी स्कूटर आहे. माझा मूळ रंग निळा होता, हे आता सांगावे लागते. कारखान्यातून मला ज्याने घरी आणले, तो पुढे शर्यतीच्या मोटारी चालवू लागला. लोक त्याला ‘वादळ’ म्हणत. त्याची शर्यतीची मोटार मी कधी पाहिली नाही. मी पाहिला तो घरी परतलेला माणूस.

शर्यत जिंकून आला, की दुसऱ्या दिवशी तो माझ्यावरून भाजी आणायला निघे. येताना गॅसची टाकी पायांत धरून आणी. मला तो इतक्या हळू चालवी, की सायकलवाले पुढे जात. मागे बसलेली त्याची बायको म्हणायची, “अहो, आपण निघालोय ना नक्की?”

“ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात,” तो म्हणायचा. “इथे कोण कुठून टपकेल, नेम नाही.”

एकदा तो अंगणात बसून माझा प्लग साफ करत होता. हाताला काजळी, बनियनला तेल. फाटकाशी दोन पाहुणे आले. “वादळसाहेब घरात आहेत का?” त्यांनी विचारले.

“घरात नाहीत,” तो म्हणाला. “अंगणात आहेत. बसा, हात धुऊन येतो.”

शेजारी शिंपीकाका राहत. त्यांची मूत्रपिंडे थकली होती. रक्त शुद्ध करून घ्यायला, म्हणजे डायलिसिसला, त्यांना ठरलेल्या वारी दवाखान्यात जावे लागे. तो गावात असला, की तोच त्यांना नेई. काकांना माझ्यावर चढायला वेळ लागे. तोवर तो मला घट्ट धरून उभा राही आणि भलतीकडे बघत शीळ घाली.

मग एका शर्यतीत त्याची मोटार भिंतीवर आदळली. बातमी घेऊन त्याचा मेकॅनिक आला. सगळे त्याला वस्ताद म्हणत. त्या वेळी बायको दोरीवर कपडे वाळत घालत होती. वस्ताद फाटकाशीच थांबला. तिने त्याच्या चेहऱ्यावरूनच ओळखले.

“बरं,” ती म्हणाली. बादलीत एक शर्ट उरला होता, तो तिने पिळला आणि वाळत घातला. तो त्याचाच होता.

माणसे आली, फुले आली, माणसे गेली. ती खुर्च्या मांडायची, पाणी द्यायची, खुर्च्या उचलायची. मी कोपऱ्यात उभी होते. मला दुःख झाले, असेही म्हणवत नाही. कडाक्याच्या थंडीत कितीही किक मारली तरी आत काही पेटत नाही, तसे झाले होते.

एका सकाळी शिंपीकाका पिशवी घेऊन, नेहमीच्या सवयीने, आमच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. जरा वेळाने त्यांच्या लक्षात आले आणि ते मागे वळले. ती दारातून बघत होती. आत जाऊन ती किल्ली घेऊन आली. त्याने तिला मागच्या मैदानात मला चालवायला शिकवले होते, पण रस्त्यावर ती कधी गेली नव्हती.

“बसा काका.”

“अगं, रिक्षा मिळेल मला.”

“बसा. फक्त मला वळणं नीट जमत नाहीत.”

“मला कुठे घाई आहे,” काका म्हणाले.

चौकात मी बंद पडले. मागून भोंगे वाजू लागले. तिने पुन्हा किक मारली, पुन्हा मी बंद पडले.

“पोरी, रडलीस का गं?” काकांनी हळूच विचारले.

“नाही हो. येतच नाही.”

“मलाही नाही.”

मी सुरू झाले. आम्ही पुढे गेलो.

पुढे त्याच्या चाहत्यांनी त्याच्या आठवणीसाठी एक दालन उभारले. वस्तू मागायला माणसे आली. तिने चषक दिले, हेल्मेट दिले, हातमोजे दिले. जाता जाता एकाची नजर माझ्यावर गेली.

“हीसुद्धा त्यांचीच ना? काचेमागे शोभून दिसेल.”

“ती नाही देता येणार,” ती म्हणाली. “उद्या काकांचा वार आहे.”

मित्रांनो, मोठा माणूस गेला, की त्याचे चषक पुसायला पुष्कळ हात पुढे येतात. त्याची रोजची लहानसहान कामे मात्र दारात ताटकळत राहतात. ती कुणीतरी उचलावी लागतात. माझा रंग गेला, त्याचे मला काही नाही. सीट उसवली आहे, तीही चालेल. फक्त माझे ब्रेक अधूनमधून बघत जा. मागे बसणाऱ्याला उतरायला वेळ लागतो.