बिनसावलीचा स्वार बघावा का

"आता मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही," खळीच्या डब्यात ब्रश बुडवत काकांनी जाहीर केलं. "माझा स्वतःचाच बसत नाही. पण करू काय? डोळ्यांनी पाहिलंय."

"तुमच्या डोळ्यांचं आणि जिभेचं कधी पटलंय का हो?" औषधवाला म्हणाला, आणि काकांच्या बाइंडिंगच्या अरुंद खोलीत हशा पिकला.

पुतणी तेवढी हसली नाही. ती कागदाच्या रिमांवर अवघडून बसली होती. कोपऱ्यावरचं थिएटर तिचं. वडिलांच्या मागे तिनेच ते चालवायला घेतलं होतं. मारधाडीचे हुकमी सिनेमे सोडून, भावांशी भांडून, तिने 'बिनसावलीचा स्वार' आणला होता. घोडे, पिस्तुलं, वाळवंट, आणि त्यात जादू. आणि आठवडाभर खुर्च्या जांभया देत होत्या. आज सकाळी वितरकाने फोनवर सांगून टाकलं होतं, संध्याकाळच्या खेळाला निम्म्या तरी खुर्च्या भरा, नाहीतर उद्या सिनेमा उतरवतो.

निम्म्या खुर्च्या भरणं अवघड नव्हतं. इथे जमलेल्या या वाचक मंडळाने नुसती मान हलवली असती तरी सगळी गल्ली तिकिटाला उभी राहिली असती. पण मंडळाने सिनेमावर बहिष्कार टाकला होता. वर्तमानपत्रात आलं होतं की मूळ कादंबरीचा शेवट सिनेमात बदललाय. कसा बदललाय, ते छापलं नव्हतं. पण मंडळाच्या प्रमुख हेडबाईंना तेवढं पुरलं. शाळेतून निवृत्त होऊनही त्यांनी डोळे वटारले की अजून लोक पाटी शोधायचे.

या कादंबरीवर मंडळाचा जीव का, तेही सांगायला हवं. मंडळाकडे तिची एकच प्रत होती आणि ती सगळ्यांना एकाच वेळी हवी होती. रुसवेफुगवे इतके वाढले, की काकांनी एक दिवस सुरी घेऊन पुस्तकाची शिवण उसवली आणि ज्याला त्याला एकेक भाग देऊन टाकला. वाचा आणि बदलून घ्या म्हणाले. वाचलं सगळ्यांनी, बदलून कोणी दिलं नाही! जो तो आपलाच भाग पुनःपुन्हा वाचत बसला. बाकीची गोष्ट एकमेकांकडून तोंडी ऐकली. त्यामुळे खरी कादंबरी ती आपल्याच भागात, बाकी सगळा पाल्हाळ, अशी प्रत्येकाची पक्की समजूत. शिंपीमावशींकडे सुरुवात, औषधवाल्याकडे मधला भाग, हेडबाईंकडे शेवट.

आज काकांनी सगळे भाग पुन्हा शिवायला मागवले होते. शिवताना मदत लागते म्हणून मंडळींना बसवून घेतलं होतं. मावशी पानं सरळ करत होत्या, औषधवाला पुठ्ठा दाबून धरत होता, आणि दोऱ्याचं टोक ताणून धरायचं काम हेडबाईंकडे होतं. दोरा सैल पडला की शिवण बिघडते, असं काकांनी त्यांना बजावलं होतं. थोडक्यात, कोणाला उठून जायची सोय नव्हती.

"पत्त्यांचा डाव ठेवलाय का पण?" मावशींनी विचारलंच. स्वार आपली सावली महापौराशी पत्त्यांत हरतो, ते त्यांच्या भागात होतं.

"ठेवलाय? मावशी, महापौर असा रोखून बघतो, की अख्ख्या थिएटरने आपापली पानं छातीशी लपवली. कोणाच्या हातात पानं नव्हती, तरी लपवली! माझ्या शेजारचा तर 'पास' म्हणाला."

"काका, बास हं," पुतणी पुटपुटली.

"पण सावली सुटते, ते ऐका." काकांचा आवाज खाली आला. "धूर नाही, मंत्र नाही, ढॅणढॅण संगीत नाही. डाव संपतो. स्वार खुर्चीवरून उठतो. आणि ती उठत नाही. भिंतीवर तशीच बसून राहते, मान खाली घालून. तो दारापर्यंत जातो, वळून बघतो. तरी ती बसलेलीच."

मावशींच्या हातातलं पान तसंच राहिलं. "अगंबाई," त्या हळूच म्हणाल्या. "मी अगदी असंच वाचलं होतं."

"आणि विषारी झरा?" औषधवाल्याला राहवेना. "घोडी पाणी का पीत नाही, ते लेखकाने दोन पानं समजावून सांगितलंय. सिनेमावाले काय दाखवणार, कपाळ?"

"अरे, वाळवंट असं दाखवलंय, की मध्यंतरात लोकांनी पाण्याची टाकी कोरडी केली. मी घरी येऊन बूट झाडले तर वाटीभर वाळू निघाली. काकूला विचार! ती अजून भांडी घासतेय त्या वाळूने."

"काकू द्रव साबण वापरतात. माझ्याच दुकानातून नेतात."

"म्हणूनच वाळू संपत नाही! आणि झऱ्याचं म्हणशील, तर घोडी वाकते, थांबते आणि कान मागे घेते. संपलं."

"दोन पानांचं काम एका कानात?"

"दोन कानांत. हिशेब बरोबर आहे."

औषधवाला हसला, पण पुठ्ठा दाबून धरायचं विसरला. घोडीचे कान त्याच्या डोळ्यांपुढून हलेनात. त्याने मावशींकडे पाहिलं, मावशींनी हेडबाईंकडे.

पुतणीचा जीव जरासा भांड्यात पडतोय, तोच हेडबाई बोलल्या. "कान असोत नाहीतर शेपूट. मुद्दा शेवटाचा आहे. पुस्तकात स्वार महापौराला गोळी घालतो, आणि सावली धावत येऊन त्याच्या पायाला बिलगते. लेखकाने लिहिलंय ते लिहिलंय. त्यात ढवळाढवळ करणाऱ्यांच्या दारात आपण जायचं नाही."

"बाई म्हणतात तेही खरंच," मावशी म्हणाल्या.

पुतणीने काकांना डोळ्यांनी विनवलं. त्या शेवटावर तिचा जीव होता. मशीनच्या खोलीतल्या झरोक्यातून तिने तो प्रत्येक खेळाला पाहिला होता. काकाही रोज संध्याकाळी दारावर तिकिटं फाडून आत येऊन उभे राहायचे, तोंडातून चकार शब्द न काढता. आता फक्त जसं आहे तसं सांगा, काका, एवढं एकदा.

"शेवट बदललाय, हे खरं," काका म्हणाले. सुई मेणात फिरवली, चष्मा कपाळावर चढवला. "फार दणदणीत केलाय हो. महापौर आगगाडी घेऊन येतो. आगगाडीवर तोफ. तेवढ्यात घोडीला वाचा फुटते!"

पुतणीने कपाळाला हात लावला. आगगाडी? सिनेमाभर साधी बैलगाडी नव्हती.

"घोडी बोलते?" औषधवाल्याचा चेहरा पडला.

"भाषण देते. मग स्वार पिस्तुलं काढतो, दोन्ही हातांत दोन. ठो ठो ठो! महापौर आडवा, आगगाडी आडवी."

दोरा ताठ झाला. हेडबाईंचे कान लाल होत चालले होते. काकांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

"काका, अहो काय हे!" पुतणीला रडू यायचंच बाकी होतं. आठवडाभरात कोणी केलं नसेल एवढं वाटोळं तिच्या सख्ख्या काकांनी खळीच्या डब्याशी बसून चालवलं होतं.

"थांब गं, गोड भाग पुढेच आहे. मग गावातली एक म्हातारी सुईदोरा घेऊन येते आणि सावली त्याच्या टाचांना शिवून देते. पक्की, दुहेरी टाक्याची! तिथेच लग्न. तिथेच गाणं. सगळं गाव नाचतं, घोडी मधोमध. आणि स्वार, आपली सावली मिरवत—"

दोरा सुटला. शिवण सैल पडली. हेडबाई उभ्या राहिल्या होत्या.

"खोटं! साफ खोटं! लाज वाटत नाही एवढ्या सुंदर शेवटाची अशी माती करायला? तो पिस्तुलाला हातसुद्धा लावत नाही! त्याची सावली विहिरीपाशी पडलेली असते, आणि त्या रखरखत्या गावात तेवढ्याच सावलीत पोरं पाणी पीत बसलेली असतात. तो बघतो, टोपी काढतो आणि तिला तिथेच ठेवून निघतो. भर दुपारी वाळूवर नुसती घोडीची सावली चालत जाते, वर खोगीर रिकामं! दोन्ही वेळा मी डोळे फाडफाडून पाहिलंय!"