तेराव्या सीडीतली अरबी

जमालचाचा तीन वर्षांनी कुवेतहून सुट्टीवर येणार, ही बातमी मे महिन्यातल्या एका बुधवारी रत्नागिरीतल्या मांडवीच्या मोहल्ल्यात पसरली आणि सगळ्यांना आनंद झाला. महरीनचं मात्र पोट बिघडलं.

"आंबे किती खाल्लेस?" अम्मीने विचारलं.

"चार."

"मग बरोबर," अम्मी म्हणाली आणि तिच्यापुरता विषय मिटला. पण कारण आंबे नव्हते. कारण जपानी होतं, आणि ते अरबीत बोलत होतं.

त्याचं असं झालं होतं. गेल्या ईदला चाचाने कुणाच्या तरी हाती एक खोका पाठवला होता. आत तेरा सीड्या, एका जपानी कार्टून मालिकेच्या. शाळेतली चार पोरं गावभर भुतांचा तपास करत हिंडतात, अशी ती मालिका. एकाचे केस निळे, म्हणून त्याचं नाव निळू पडलं. एक चष्मेवाली. एक जाड्या, तो कायम भाताचं तीन कोपऱ्यांचं काहीतरी खात असायचा. आणि चौथी पांढऱ्या केसांची मुलगी, जी कधी तोंडच उघडत नसे. चित्रं जपानची, बोलणं अरबांचं आणि बघणारे मांडवीचे. चाचाचा मुलगा फुजैल याने पहिली सीडी लावली, चार मिनिटं डोकं खाजवलं आणि जाहीर केलं, "महरीनला बोलवा. तिला अरबी येते."

महरीन नववीतली. सकाळच्या मदरशात कुराणपठणाच्या स्पर्धेत ती दोन वर्षं पहिली आली होती; तिचा आवाज लागला की म्हातारी माणसं डोळे पुसायची. वाचता येणं आणि समजणं यात फरक असतो, हे मोहल्ल्यात प्रत्येकाला स्वतःच्या बाबतीत पक्कं माहीत होतं. महरीनच्या बाबतीत ते कुणाच्या डोक्यात आलं नाही. 'मला येत नाय' म्हणायला तिने तोंड उघडलं खरं. पण समोर चौदा पोरं बसलेली, फुजैलची आई मासूमाचाची खास तिच्यासाठी सरबत घेऊन उभी, आणि धाकटी बहीण आयात छाती फुगवून सगळ्यांकडे बघतेय.

"निळू म्हणतोय," महरीनच्या तोंडून निघालं, "जिन्यात कोणीतरी आहे."

पुढच्याच क्षणाला जिन्यात भूत आलं. त्या भुताने तिचा घात केला.

बारा सीड्या तिने अशाच रेटल्या. मालिकेतल्या भुतांना काय दुःख आहे हे तिला कळायला मार्ग नव्हता, म्हणून तिने आजूबाजूला ऐकलेली दुःखं वाटून टाकली. सातव्या भागात लिफ्टमध्ये अडकलेलं भूत होतं. त्याला सख्ख्या भावाने जमिनीच्या मोजणीच्या दिवशी मुद्दाम मुंबईला पाठवलं होतं. तळ्यातल्या बाईचं हापूसचं कलम कुणीतरी मुळापासून तोडलं होतं.

"जपानात हापूस होतो?" संदेशने विचारलं होतं. संदेश मागच्या वाडीतला, आठवीतला. शंका काढल्याशिवाय त्याला जेवण पचत नसे.

"होतो. पण बारका."

संदेशने ते लिहून घेतलं. खरी पंचाईत हीच होती. तो सगळंच लिहून घ्यायचा. दोनशे पानी वही, वर ठळक अक्षरात 'भूत-तपास पथक, मांडवी शाखा', आत भागवार टिपणं आणि मागच्या पानांवर नियम. नियम पहिला: भुताच्या जागेत शिरताना डावी चप्पल आधी काढावी. पळताना निळूचा डावा बूट निसटला होता आणि महरीनला त्याचं काहीतरी कारण द्यावं लागलं होतं, एवढाच त्याचा उगम. आता मोहल्ल्यातली सगळी पोरं डावी चप्पल आधी काढायची. पथकाने या नियमांनुसार बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात एक तपासही केला होता. तिथे त्यांना राखणदार बाबल्या झोपलेला सापडला. तुझी अपुरी राहिलेली इच्छा काय, असं त्याला तीनदा विचारण्यात आलं. "झोप," बाबल्या म्हणाला. संदेशने 'प्रकरण निकाली' असा शेरा मारला.

राहिली होती तेरावी सीडी. ती फुजैलने राखून ठेवली होती.

"शेवटचा भाग अब्बांबरोबर बघायचा," त्याने सांगून टाकलं. "अब्बा तिकडे शेखाशी अरबीत भांडतात. शेख ऐकून घेतो. ते नीट फोड करून सांगतील. महरीनला पण शिकायला मिळेल."

शुक्रवारी चाचा आले. शनिवारी सकाळी संदेश धापा टाकत महरीनच्या दारात. "गो, चाचांनी माझी वही मागून नेली!"

"कशाला?"

"म्हणाले, बघतो जरा काय काय लिहिलंय. चांगली लाल पेन्सिल पण मागितली."

लाल पेन्सिल. महरीन जागच्या जागी तीन वेळा उठली आणि तीन वेळा बसली. बारा भाग, प्रत्येक ओळीवर लाल फुली आणि उद्या दहा वाजता तेरावी सीडी लागली की चौदा पोरांसमोर निकाल. आणि आयात. आयात तर मोहल्लाभर सांगत फिरत होती, आमच्या बाजीला परदेशी भुतांची भाषा येते. उद्यापासून त्या पोरीला मोहल्ल्यात कोण जगू देणार होतं?

त्यापेक्षा आपणच जाऊन कबूल करावं, असं ठरवून ती चाचाच्या घरी गेली. घर पाहुण्यांनी गच्च. चाचा लुंगी नेसून मधोमध बसलेले. तिला बघताच त्यांचा चेहरा उतरला.

"तू... तूच ना ती अरबीवाली?"

"चाचा, मला तुमच्याशी जरा—"

"आलोच," म्हणून चाचा जे न्हाणीघरात शिरले ते चाळीस मिनिटं बाहेर आले नाहीत. महरीनने मासूमाचाचीचं सरबत दोनदा प्यायलं. आपल्याशी बोलायचीही त्यांना शिसारी आलीय, असा तिने अर्थ लावला. निघताना तिला दुसरा मार्ग सुचला.

"चाची, ती शेवटची सीडी द्या. पुसून आणते. धूळ बसली असेल."

घरी नेऊन तिने ती सीडी मांडवीच्या वाळूने घासली, वरून नारळाच्या सोडणाने घासली, मग मिठाच्या पाण्यात बुडवली. सीडीवर असे ओरखडे पडले की बघवेना. तिला रात्री थोडी झोप लागली.

रविवारी सकाळी मात्र वीज होती. एरवी रोज जायची. पोफळीच्या वीजघरात एवढी वीज तयार होते, ती आजच सगळीच्या सगळी रत्नागिरीला का पाठवावी, याचा महरीनला उलगडा होईना. आणि सीडी? आधीच्या बारा सीड्या कधी ना कधी अडकल्या होत्या. ही लोण्यासारखी चालू झाली. "बघ, पुसल्याचा किती फरक पडतो," मासूमाचाची कौतुकाने म्हणाली.

चाचा खुर्चीत बसले. मांडीवर संदेशची वही. फुजैल त्यांच्या पायाशी, मान ताठ करून. निळू पडद्यावर आला आणि काहीतरी बोलला.

"अब्बा, काय म्हणाला?"

चाचाने घसा साफ केला. चहाचा घोट घेतला. कपात चहा नव्हता.

"आधी हिला सांगू दे. मी बसलोय ना. चुकली तर बोलेन."

म्हणजे परीक्षाच. महरीन पडद्याकडे वळली. "तो म्हणतोय, हे आपलं शेवटचं प्रकरण."

"बरोबर," चाचा म्हणाले.

"चष्मेवाली विचारते, बॅटरी घेतलीस का?"

"बरोबर."

मग तोंडात भाताचा गोळा असताना जाड्या जे बोलला ते खुद्द अरबालाही कळलं नसतं. महरीनचा धीर सुटला आणि जिभेवर येईल ते ती बोलून गेली. "तो म्हणतोय, आमची म्हैस यंदा दहावीला बसली."

तिने डोळे मिटून घेतले.

"शब्दशः बरोबर," चाचा म्हणाले.

संदेशने हात वर केला. "म्हैस दहावीला?"

"जपानात चालतं," चाचा म्हणाले.

महरीनने डोळे उघडून चाचाकडे नीट बघितलं. पंखा पाचावर होता आणि चाचाच्या कपाळावरून घाम निथळत होता. मांडीवरच्या वहीत जागोजागी वर्तमानपत्राचे कपटे खुणेला घातलेले, आणि उघड्या पानावर लाल पेन्सिलीने ओळ अधोरेखित केलेली: 'निळू = पुढारी. पांढऱ्या केसांची = बोलत नाही.' फुली एकही नव्हती. दहावीची पोरं मार्चमध्ये पुस्तकांची जी दशा करतात, ती चाचाने या वहीची केली होती. चूक शोधायला नव्हे, पाठ करायला नेली होती त्यांनी वही. चाचाला अरबी तितकीच येत होती, जितकं त्या म्हशीला बीजगणित.

हायसं वाटायला हवं होतं. पण आता खोलीत अरबी येणारं कुणीच उरलं नव्हतं, आणि सीडीची अजून पंधरा मिनिटं बाकी होती.

तेवढ्यात पांढऱ्या केसांची मुलगी गच्चीवर चढली, वाऱ्यात केस सोडले आणि तेरा भागांत प्रथमच बोलू लागली. थांबेचना. पोरं पुढे सरकली.

"हे अब्बा सांगतील," फुजैल म्हणाला. "महरीन, तू गप."

चाचाने वहीत बघितलं. वहीत तिच्या नावापुढे काहीच नव्हतं. ती बोललीच नव्हती. मग त्यांनी महरीनकडे बघितलं. तिने नुसतं गप्प राहिलं की काम होणार होतं. दुपारपर्यंत मोहल्ल्यात चाचाचीच चर्चा सुरू झाली असती आणि त्या गदारोळात एका पोरीच्या थापा कुणाच्या लक्षात राहिल्या असत्या? महरीनने हा विचार केला नाही असं नाही. चांगला केला.

"ती म्हणते," चाचा अडखळत सुरू झाले, "मी गप्प होते, पण बोलावंसं वाटत नव्हतं असं नाय. बोलायचं कुणाशी? पहिल्या वर्षी वाटलं, शिकू हळूहळू. पण दिवसभर आपलं किचन, आणि रात्री खोलीत आठ जण, सगळे मल्याळी..."

ते थांबले. संदेशची पेन्सिल थांबली.

"मल्याळी? जपानात?"

फुजैलने सावकाश मान वळवून बापाकडे बघितलं. ती मान एवढी सावकाश वळली की महरीनला तेवढ्यात त्याच्या जागी आयातचा चेहरा दिसला.

"नर्स असतात," महरीन म्हणाली. "सगळीकडे असतात. मेल्या, चौथ्या भागात हॉस्पिटल नव्हतं?"

"होतं," संदेशला मान्य करावं लागलं.

"मग! आणि पुढे ती म्हणते, घरून फोन आला की सगळे विचारतात, तिकडची भाषा आली का गो? आणि ती हो म्हणते. कारण नाय म्हटलं की मग पुढचं सगळं सांगावं लागतं, आणि फोन तर संपत आलेला असतो." तिने चाचाकडे बघितलं. "बरोबर ना चाचा?"

चाचाने वही मिटली.

"बरोबर," ते म्हणाले.

नेमक्या त्याच वेळी पडद्यावरची मुलगी खदाखदा हसली आणि नाचायला लागली.

"दुःखाने," महरीन आणि चाचा एकदम म्हणाले.

फुजैल पुन्हा ताठ बसला. संदेशने 'दुःखाने' लिहून खाली रेघ ओढली.

भाग संपला, पोरं पांगली. महरीन पायरीवर चपला शोधत होती, तेव्हा चाचा वही घेऊन बाहेर आले. "ही संदेशला दे," ते म्हणाले. पण वही काही सोडेनात. इकडेतिकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "गो, एक विचारायचं होतं. सातव्या भागातला तो लिफ्टवाला. वहीत त्याचं पुढे काय झालं ते लिहिलेलंच नाय. कालपासून डोक्यात फिरतंय. त्याला जमीन मिळाली काय?"

महरीन त्याला साफ विसरली होती. "मिळाली."

"किती?"

"अडीच गुंठे. विहीर भावाकडे गेली."

"विहीर कशाला सोडली त्याने?" चाचा अस्वस्थ झाले.

"चाचा, तो मेला होता."

"हां. ते पण आहेच."

आतून फुजैलचा आरडाओरडा ऐकू आला. "अब्बा! बॅगेत अजून एक खोका आहे! मालिकेचा दुसरा भाग! सव्वीस सीड्या!"

महरीनला पुन्हा ते चार आंबे आठवले. चाचा हळूच पायरीवर बसले. दोघांनी समोरच्या माडाकडे बघितलं. त्याच्याकडे काही उपाय दिसला नाही.

"सुट्टी दोन महिने आहे," चाचा म्हणाले. "रोज संध्याकाळी आधी मला थोडं सांगून ठेवत जा." मग वही तिच्या हातात देत जरा थांबले. "आणि सव्वीस आहेत, तर त्यात त्या लिफ्टवाल्याची विहीर पण सोडवून घे. तेवढं बघ."