आमच्या गावचे सापो

नुबियानं तिसरं पुस्तकही बाजूला सारलं. चित्रं सुरेख होती, पण पानावर इतका मजकूर होता की तो वाचून होईपर्यंत तामानीतो गावची पोरं छपरावर चढली असती. वाचनालयाच्या चटईवर मांडी घालून बसलेल्या तिच्याभोवती आता बेडूकच बेडूक पसरले होते. हिरवे, पिवळे, चष्मा लावलेले, एक तर छत्री घेऊन निघालेला. किब्दो शहरातून आलेल्या पुस्तकांच्या खोक्यात यंदा, कोणाच्या कृपेनं कोण जाणे, निम्मी पुस्तकं बेडकांचीच निघाली होती.

शनिवारच्या गोष्टींचा तिचा शिरस्ता ठरलेला होता. विषय एक, पुस्तकं तीन. पहिलं हसवणारं, दुसरं जरासं घाबरवणारं आणि तिसरं पोरांना जांभई आणणारं. आजवर कोंबड्या झाल्या होत्या, होड्या झाल्या होत्या, बटणं झाली होती. बटणांच्या शनिवारी एका पोरानं खरंच बटण गिळलं, तेव्हापासून तो विषय कायमचा बाद. पण या खेपेला निवड चुकून चालणार नव्हती. या शनिवारी नगरपालिकेचा माणूस येऊन बसणार होता.

कोणीतरी तक्रार केली होती. काय केली ते त्या माणसानं सांगितलं नाही. वाचनालयाबद्दल कानावर आलंय, एवढंच म्हणाला. स्वतः येऊन पाहतो, आणि काही दम दिसला नाही तर खोली मासेवाल्यांना बर्फ ठेवायला देऊन टाकतो. गेल्या शनिवारी पाच पोरं आली होती, त्यातलं एक तर झोपायलाच आलं होतं. या खोलीशिवाय आपण करणार काय, हा विचार नुबियाची पाठ सोडत नव्हता.

शेवटी तिनं तीन बेडूक पक्के केले. उडीच न येणारा एक, हसवायला. काळोखात नुसते डोळे दिसणारा, घाबरवायला. आणि पानाखाली पेंगणारा. मग दाराबाहेरच्या फळ्यावर तिनं खडूनं ठळक लिहिलं:

'शनिवारी सकाळी दहा वाजता. आमच्या गावचे सापो. नावं, चित्रं आणि आवाजांसह. सगळ्यांनी यावं.'

सापो म्हणजे बेडूक. नदीकाठच्या बेडकांची नावं सांगावीत आणि एकेकाचा आवाज काढून दाखवावा, असा तिचा बेत होता. घरी त्या आवाजांचा सराव इतका जोरात चालला होता की तिचा नवरा चार दिवस भावाकडे राहायला गेला होता.

पण सापो चहाडखोरालाही म्हणतात. गुपचूप बसून सगळं बघतो आणि तोंड एवढं मोठं, म्हणून. आणि रविवारी पावाच्या दुकानात, भर गर्दीत, "तो सापो कोण ते मी हुडकून काढीन आणि चारचौघांत उभा करीन," असं खुद्द नुबियाच बोलून गेली होती. बेडकांत बुडालेल्या तिच्या हे डोक्यातसुद्धा आलं नाही. बाकी अख्ख्या गावाच्या आलं.

पहिला आला एर्मेस पाववाला. हातात गरम पावांची पिशवी, टोपी काखेत.

"नुबियाबाई, फळा वाचला. विषय जरा बदलता येईल का?"

"का हो? बेडकांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

"तसं नाही. फुलपाखरं घ्या ना. फुलपाखरं कशी, गप्प असतात."

"पोरांना आवाज लागतात, एर्मेस. गप्प प्राण्यांपुढे पोरं टिकत नाहीत."

"मला याच गावात पाव विकायचाय, बाई," तो काकुळतीला येऊन म्हणाला, पिशवी टेबलावर ठेवून उलट्या पावली निघून गेला. नुबियाला वाटलं, माणसाला एकेका प्राण्याची किळस असते. तिच्या बहिणीला खेकडा नाही चालत, तसंच.

दुसऱ्या दिवशी शाळेतली योलिमा मास्तरीण आली. तिनं पदार्थ झाकून आणला होता, तळलेलं केळं आणि चीज. आल्या आल्या तिनं दार लोटून घेतलं.

"तुला कोणी सांगितलं ते मी विचारत नाही," ती म्हणाली. "पण मी जे केलं ते गल्लीच्या भल्यासाठी केलं."

"काय केलंस?"

"आता माझ्याच तोंडून वदवून घेणार का? बरं. वीजवाल्यांना एर्मेसनं तारेवर टाकलेला आकडा मीच दाखवला. त्याची भट्टी पेटली की आमचे दिवे मिणमिणायचे. आता सांग, मी सापो झाले का? आणि झाले असले तरी चित्र कशाला लावायचं माझं?"

नुबियाच्या तोंडातला केळ्याचा घास तोंडातच राहिला. तिनं उघड्या खिडकीतून बाहेरच्या फळ्याकडे पाहिलं. नावं, चित्रं आणि आवाजांसह. आत्ता कुठे तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"अगं योलिमा," ती बोलायला गेली, आणि थांबली. बेडूक म्हणजे बेडूकच, असं सांगून टाकलं की संपलं. शनिवारी पुन्हा पाच पोरं, त्यातलं एक पेंगुळलेलं. तिनं घास गिळला आणि चेहरा शक्य तितका गंभीर केला.

"शनिवारी ये," ती म्हणाली. "मुलांना घेऊन ये. आणि पुढे बस."

"पुढे?"

"मागे बसणाऱ्यांबद्दल लोक काहीबाही बोलतात."

त्यानंतर वाचनालयात अशी वर्दळ सुरू झाली, जी पुस्तकं आल्यापासून कधी झाली नव्हती. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. एर्मेस पुन्हा आला आणि कबूल करून गेला, की योलिमा सोमवारी शाळेत उशिरा येते हे शाळेच्या तपासनीसाला त्यानंच कळवलं होतं. चर्चमध्ये चालणाऱ्या डॉमिनोच्या डावांची बातमी बिशपच्या कानावर घालणारी बाई अंडी घेऊन आली. कोणी लिंबं आणली, कोणी वाळवलेली मासळी. नुबिया सगळ्यांचं शांतपणे ऐकून घ्यायची, हम्म म्हणायची आणि मुलांना घेऊन या, असं सांगायची. घरात खायला इतकं साचलं की नवरा भावाकडून परत आला.

पण तिच्याबद्दल तक्रार केली असं मात्र एकानंही कबूल केलं नाही. गाव सगळं चहाडखोर, आणि आपल्याला हवा तो सापो तेवढा सापडेना, याची तिला फार चीड आली. रात्री तिला झोप लागेना. जे आपल्याकडे येऊन हसून बोलतात त्यातलंच कोणीतरी आपली खोली बर्फात घालायला निघालंय, हे तिला मनापासून लागलं होतं.

एकटी दोन्या प्रिस्का, म्हणजे प्रिस्काबाई, काही कबूल करायला आली नाही. तिला यायला लांब नव्हतं. वाचनालयाच्या खिडकीखालीच स्टूल टाकून ती ताडाची उकडलेली फळं मीठ लावून विकत बसायची. नुबियाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तिला हातांवर धरणारी धर्ममाता ती हीच, म्हणून नुबिया तिला मद्रीना म्हणायची. शुक्रवारी तिनं खिडकीतून वाकून गमतीनं विचारलं:

"मद्रीना, तुम्हाला नाही का काही सांगायचं?"

"फळं घे. आज मऊ झालीत," म्हातारी म्हणाली आणि नदीकडे बघत बसली.

शनिवारी दहाच्या आधीच खोली भरली. पोरं चटईवर मावेनात, मोठी माणसं भिंतींना चिकटून उभी. प्रत्येकानं एखादं मूल कडेवर घेतलं होतं, ज्यांना नव्हतं त्यांनी शेजाऱ्यांचं आणलं होतं. योलिमा आणि एर्मेस अगदी पुढे, एकमेकांना लागून बसले होते आणि एकमेकांकडे बघून इतकं गोड हसत होते की नुबियाला आपली नजर पुस्तकात खुपसावी लागली.

नगरपालिकेचा माणूस, सेन्योर आयाला, लहान मुलाच्या खुर्चीवर बसला. त्याचे गुडघे हनुवटीला टेकले होते. त्याला सगळे डॉक्टर म्हणायचे. तो डॉक्टर नव्हता, पण टाय लावणाऱ्याला तामानीतोत डॉक्टरच म्हणतात.

"दर शनिवारी एवढी गर्दी असते?" त्यानं विचारलं.

"विषयावर असतं, डॉक्टर," नुबिया म्हणाली. हे तर खरंच होतं.

तिनं पहिलं पुस्तक उघडलं. उडी न येणारा बेडूक चिखलात पडला तेव्हा पोरं खदखदून हसली, मोठी माणसं मात्र हसावं की नाही या पेचात पडली. पान उलटलं की भिंतीकडची डोकी एकदम पुढे यायची आणि चित्रात खरोखरीचा बेडूकच आहे असं दिसलं की सुस्कारा टाकून मागे जायची. पाचव्या पानाशी नुबियानं सवयीनं विचारलं, दर गोष्टीत विचारायची तसंच:

"आता या सापोचं नाव काय ठेवायचं?"

बोलून गेल्यावर तिला बाहेरचा फळा आठवला.

"एर्मेस," एर्मेसचा धाकटा लेक मोठ्या अभिमानानं म्हणाला.

एर्मेसनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. भिंतीपाशी कोणीतरी खोकलं. कोणाच्या तरी कडेवरचं पोर दुसरं नाव घेणार तेवढ्यात खिडकीबाहेरून आवाज आला.

"प्रिस्का ठेव."

सगळ्यांच्या माना वळल्या. खिडकीच्या चौकटीत म्हातारीचा डोईचा रुमाल तेवढा दिसत होता.

"प्रिस्का ठेव म्हटलं. डॉक्टरला मीच सांगितलं."

नुबियाच्या हातातलं पुस्तक खाली आलं. जिनं आपल्याला पहिल्यांदा हातांवर घेतलं तीच, हे काही तिच्या मनात शिरेना.

"काय सांगितलंत, मद्रीना?"

"हेच, की वाचनालयातून काही ऐकू येत नाही. येतं का? सुरुवात चांगली करतेस. मग पोरांना झोप यावी म्हणून जो आवाज खाली नेतेस, तो नेतेसच. त्या होड्यांच्या शनिवारचा ससा. होडी उलटली, ससा पाण्यात पडला, इथवर ऐकलं. पुढे तो बुडला का वाचला, देवाला ठाऊक. तेव्हापासून मला त्याचा घोर लागलाय. दारावरनं हा डॉक्टर चालला होता, त्याला म्हटलं, बाबा, जरा सांग तिला."

सेन्योर आयालानं टाय सैल केला.

"काही ऐकू येत नाही, म्हणजे तुम्हाला असं म्हणायचं होतं होय," तो म्हणाला. "मला वाटलं, आत काही चालतच नाही."

भिंतीपाशी पहिल्यांदा मोकळं हसू फुटलं. नुबिया हसली नाही. ती उठून खिडकीपाशी गेली.

"मग तुम्ही आत का नाही आलात कधी?"

"आत सहा वर्षांच्या आतल्यांनाच घेतात ना. दारावर तसं लिहिलंय म्हणे."

म्हणे. त्या एका शब्दापाशी नुबिया अडली. लहानपणापासून मद्रीनाच्या हातून ती जेवली होती, तिच्या स्टुलाशेजारी बसून अक्षरं गिरवली होती, आणि दारावरच्या पाटीकडे मद्रीना नुसतीच बघते, तिला वाचता येत नाही, हे तिला कधी कळलं नव्हतं.

"मद्रीना, तुमचं वय काय?"

"कोणास ठाऊक. जन्माचा कागद पुरात गेला."

"मग तुम्ही सहा वर्षांच्या आत नाही, असं कोण म्हणतं?" नुबियानं मागे वळून पाहिलं. "डॉक्टर, तुमची काही हरकत?"

सेन्योर आयालानं गुडघ्यांवरून हात काढले आणि खुर्चीतून उठायचा प्रयत्न केला. खुर्चीही त्याच्याबरोबर उठली.

"कागदच नाही म्हटल्यावर," तो म्हणाला, "मला काही म्हणता येत नाही."

एर्मेसनं आणि योलिमानं दोन बाजूंनी धरून म्हातारीला आत आणलं. पोरांनी चटईवर सरकून जागा केली. नुबियानं तिन्ही बेडूक बाजूला ठेवले, फडताळातून होडीचं पुस्तक काढलं आणि ससा पाण्यात पडतो ते पान उघडलं.

"मोठ्यानं," दोन्या प्रिस्का म्हणाली. "आणि पहिल्यापासून."