आवाज पाठवला

मी एक जुनी सिरियल केबल आहे. रंग करडा, लांबी दीड मीटर. एका तोंडाला नऊ टाचण्या, दुसऱ्या तोंडाला नऊ भोकं. वायरींच्या ड्रॉवरमध्ये मी कधी हाती लागले, तर तुम्ही मला उलटसुलट करून विचाराल, "ही कशाची?" मित्रांनो, सांगते.

नऊ बारीक तारा एका रबरी नळीत ओवून कारखान्यात मला घडवलं. तिथून मी आले ती थेट एका दुरुस्तीच्या खोलीत. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर भिंगाचा दिवा, डाख देण्याची गन आणि तिचा तो करपट वास. ही खोली एका बाईंची. लिफ्ट, वजनकाटे, रुग्णालयातले पंप अशा यंत्रांचे बोर्ड त्या दुरुस्त करत. सगळी गल्ली त्यांना ताई म्हणे, म्हणून मीही म्हणते.

माझं काम साधं. बिघडलेल्या बोर्डाला माझं एक टोक, कॉम्प्युटरला दुसरं. मग ताई एक प्रोग्रॅम उघडायची. त्यात एक काळी खिडकी, बाकी काही नाही. अक्षरांचा वेग जुळला, की यंत्राच्या पोटात काय दुखतंय ते ओळीओळीने तिथे उमटायचं. वेग चुकला, तर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. "काय बरळतंय मेलं!" म्हणत ताई वेग बदलायची. कधी माझाच संशय आला, तर ती माझ्या दोन टाचण्या तारेच्या तुकड्याने जोडून काहीतरी टाइप करायची. तेच जसंच्या तसं परत आलं, की म्हणायची, "तू धड आहेस बाई." एवढ्या कौतुकावर मी महिनाभर खूश असे.

त्या खोलीला लागूनच तिच्या बाबांची खोली. मधलं दार सदा उघडं. बाबा शहर बसचे ड्रायव्हर होते. गाडीआधी त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा, असं शेजारच्या काकू सांगत. निवृत्तीनंतर त्यांना बोलायला प्रवासी उरले नाहीत. मग ते खाटेवरून ताईशीच दिवसभर बोलत. ती "हं, हं" करत डाख देई.

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही.

ताई त्या दिवशी रडली नाही. तिने प्लॅस्टिकचा एक डबा घेतला, त्याला बारा बटणं लावली, आत बोर्ड आणि स्पीकर बसवला. ऑपरेशनला चार दिवस होते. तिने बाबांच्या तोंडापुढे माइक धरला.

"बोला बाबा. एकेका बटणात एकेक वाक्य."

बाबांनी भरलं, "पाणी दे." भरलं, "पाठ चेपून दे जरा." चौथ्या बटणात खणखणीत आवाजात, "पुढे सरका, दारात उभं राहू नका!" ताई हसून हसून टेबलावर डोकं टेकून बसली.

"अहो, हे कशाला?"

"पाहुणे आले की लागेल."

अकरा बटणं भरली. बाराव्याशी ते अडले. मग माइककडे न बघता, तिच्याकडे बघत म्हणाले, "ठमे, जेवलीस का?"

ताईने मला जोडून पेटी तपासली. बटण दाबलं की पडद्यावर वेळेसकट ओळ येई: "बटण १२ दाबले. आवाज पाठवला." पेटीची आठवण लहान. त्यात शेवटच्या दोनशेच ओळी राहत. नवी ओळ आली, की सगळ्यात जुनी पुसली जाई.

ऑपरेशन झालं. बाबा अशक्त होऊन घरी आले, पण पेटी बोलायची. काकू दारात उभ्या राहिल्या, की चौथं बटण हमखास. वर्षभर ते घर पुन्हा हसतं होतं.

मग एका सोमवारी पेटी मुकी झाली. बाबांनी खाटेच्या दांड्यावर टकटक केलं. ताई आली, बॅटऱ्या बदलल्या, डबा ठोकला. पेटी बोलली. "बॅटरीच होती," म्हणत ती परत टेबलाशी गेली. तासाभरात पेटी पुन्हा गप्प. पुन्हा टकटक.

त्या आठवड्यात ताईच्या टेबलावर सहा मजली इमारतीच्या लिफ्टचा बोर्ड होता. वरच्या मजल्यांवर म्हातारी माणसं अडकून पडली होती. एका आजींना दवाखान्यासाठी खुर्चीत बसवून खाली आणावं लागलं होतं.

"बाबा, शनिवारी हा बोर्ड द्यायचाय. रविवारी सकाळी पहिली तुमची पेटी. नक्की."

बाबांनी अंगठा वर केला. मग त्यांनी टकटक केलं नाही. लेकीच्या कामात खोळंबा नको, असा त्यांचा स्वभाव.

त्यांनी बटण दाबणं मात्र सोडलं नाही. मी लिफ्टच्या बोर्डाला जोडलेली होते. तिथून मला ते दिसत होते. ताई पाठमोरी. तिचं ताट झाकलेलं. बाबा पेटी छातीशी धरून बटण दाबत, थांबत, तिच्या पाठीकडे बघत, पुन्हा दाबत. मित्रांनो, मी केबल. ज्याला जोडतील त्याचंच बोलणं मी पोचवते. त्या आठवड्यात मी लिफ्टचं बोलणं पोचवत होते.

शनिवारी दुपारी ताई धावतच घरात आली. "बाबा, लिफ्ट चालू झाली! आजी स्वतः खाली आल्या!"

खाटेजवळ बसलेल्या काकूंनी तोंडावर बोट ठेवलं. "हळू. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

डोळा लागलेला नव्हता.

बाबांचे दिवसकार्य होईपर्यंत आणि पुढेही बरेच दिवस दुरुस्तीची खोली बंद राहिली. मग एका सकाळी ताई येऊन बसली. तिने पेटी उघडली, मला जोडलं. पडद्यावर चौकोन आणि प्रश्नचिन्हं आली. लिफ्टचाच वेग राहिला होता. तिने वेग बदलला आणि पेटीत साठलेलं सगळं मागवलं.

ओळी माझ्यातून जाऊ लागल्या. सोमवारी पाण्याचं बटण, दोनदा. मग बटण बारा. मंगळवारी दुपारी एकला बारा. एक वाजून दोन मिनिटांनी बारा. बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी बारा, बारा, बारा. शनिवारी ती निघाली त्या वेळी बारा. प्रत्येक ओळीच्या शेवटी, "आवाज पाठवला." पेटीला वाटत होतं, आपण बोलतोय.

स्पीकरच्या तारेचा डाख तडकला होता. ताईने तो दिला. पाच मिनिटंही लागली नाहीत.

काकू मागे येऊन उभ्या होत्या. "झाली गं नीट? दाब ना ते बटण. एकदा ऐकू दे आवाज."

ताईचं बोट बाराव्या बटणापर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं.

"नको काकू. मी दाबलं की त्यांची एक ओळ पुसली जाईल."

"अगं, कॉम्प्युटरवर ठेव की उतरवून."

"ठेवलंय. पण ती नक्कल झाली. पेटीतल्या या ओळी त्यांच्या स्वतःच्या बोटाने उमटल्यात."

काकूंना नीटसं कळलं नसावं. त्यांनी तिचं डोकं पोटाशी धरलं. मग ती रडली, वर्षभराचं रडली.

आता ताई नव्या केबली वापरते. मी त्या पेटीभोवती गुंडाळलेली ड्रॉवरमध्ये असते. तिच्या बॅटऱ्या काढून ठेवल्या आहेत. मला पुन्हा कशाला जोडलेलं नाही.

मित्रांनो, माझं एक ऐका. घरातल्या कोणी खूण करून सांगितलं, की हे चालत नाहीये, तर नुसतं ठोकून उठू नका. टेबलावरचं काम खरंच मोठं असेल, कुणाची वाट अडलेली असेल. तरी पाच मिनिटं त्यांच्याजवळ बसा, आणि विचारा, "काय म्हणत होतात?"